गोल्फची प्रीमियम कार्ट बॅग : निवड आणि वापर यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, मुंबई आणि नाशिक येथील मैदानांवर खेळणारे, तसेच परदेशात राहून खेळणारे मराठी गोल्फर कार्ट बॅगेविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. आमचे मत सुरुवातीलाच सांगून ठेवतो. ही बॅग कशावर उभी राहणार आणि ती कोण उचलणार, या दोन गोष्टी आधी ठरवाव्यात. ब्रँड, रंग आणि कप्प्यांची संख्या यांचा विचार त्यानंतर करावा. पुढील बहुतेक उत्तरे याच क्रमाने दिली आहेत.

१. कार्ट बॅग म्हणजे काय? स्टँड बॅग आणि स्टाफ बॅग यांच्यापेक्षा ती वेगळी कशी?

कार्ट बॅग ही बग्गीवर (खेळाडू बसून फिरतात त्या छोट्या गाडीवर) किंवा ट्रॉलीवर बांधून नेण्यासाठी केलेली बॅग आहे. तिला पाय नसतात, तळ सपाट व रुंद असतो, पट्टा बहुधा एकच असतो आणि कप्पे एकाच बाजूला, म्हणजे बॅग बांधल्यावर खेळाडूच्या समोर येतील असे लावलेले असतात. रिकाम्या कार्ट बॅगेचे वजन साधारण अडीच ते साडेतीन किलो भरते. स्टँड बॅग खांद्यावरून नेण्यासाठी असते. तिला दोन पाय आणि दुहेरी पट्टा असतो आणि तिचे वजन दीड ते अडीच किलोच्या आसपास राहते. व्यावसायिक खेळाडूंच्या कॅडीच्या, म्हणजे बॅग वाहणाऱ्या मदतनिसाच्या, खांद्यावर दिसते ती मोठी, प्रायोजकाचे नाव मिरवणारी स्टाफ बॅग रिकामीच चार ते पाच किलोंची असते.

२. मी कॅडीसोबत चालत खेळतो, बग्गी क्वचितच घेतो. मी कार्ट बॅग घ्यावी का?

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण कार्ट बॅगेविषयीची बहुतेक माहितीपत्रके जेथे खेळाडू स्वतः बग्गी चालवतो अशा देशांसाठी लिहिलेली असतात. भारतातील अनेक गोल्फ क्लबांत कॅडी असतो, आणि बॅगेचे वजन खेळाडूऐवजी तो वाहतो.

हिशेब करून पाहावा. लोखंडी शाफ्टचे (दांड्याचे) आयर्न, म्हणजे धातूच्या पातळ पात्याचे क्लब, असलेला १४ क्लबांचा (गोल्फच्या काठ्यांचा) संच साडेपाच ते सहा किलो भरतो. त्यात तीन किलोंची बॅग, अर्ध्या किलोहून थोडे अधिक वजनाचे डझनभर चेंडू, पाण्याच्या एकेक लिटरच्या दोन बाटल्या, छत्री, रेनकोट आणि टॉवेल मिळवले की एकूण वजन बारा-तेरा किलोंपर्यंत जाते. १८ होलांची फेरी म्हणजे सात ते नऊ किलोमीटर चाल आणि चार तासांहून अधिक वेळ. एवढे वजन एका खांद्यावर, एकाच पट्ट्याने, मे महिन्याच्या उन्हात वाहायला लावणे योग्य नाही, असे आम्हांला मनापासून वाटते.

म्हणून कॅडी बॅग ट्रॉलीवर ओढत असेल, तर कार्ट बॅग जरूर घ्यावी. तुमच्या मैदानावर ट्रॉली चालत नसतील, किंवा चढउतारामुळे कॅडी बॅग खांद्यावरच घेत असेल, तर हलकी स्टँड बॅग घ्यावी, मग आवडलेली कार्ट बॅग कितीही देखणी असो. खरेदीपूर्वी क्लबच्या कॅडी मास्टरशी दोन मिनिटे बोलावे. कोणत्या ट्रॉली आहेत आणि त्यांवर कोणती बॅग नीट बसते, हे त्यांना विक्रेत्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

३. प्रीमियम बॅगेसाठी जे जास्तीचे पैसे देतो, ते कशाचे असतात?

काही पैसे नावाचे असतात, हे उघड आहे. पण चांगल्या बॅगेत प्रत्यक्ष फरकही असतो आणि तो बहुतांशी दर्शनी भागात दिसत नाही. क्लब ठेवण्याच्या खणांच्या भिंती तळापर्यंत गेलेल्या असतात. तोंडाच्या कडांना आणि खणांना मऊ अस्तर असते, त्यामुळे ग्रॅफाइटच्या शाफ्टवरचा रंग घासून जात नाही. चेन जाड दात्यांच्या असतात आणि कोपऱ्यावर वळतानाही अडकत नाहीत. पट्टा आणि मुठी जेथे शिवलेल्या असतात तेथे दुहेरी शिवण आणि आतून आधाराची पट्टी असते. बॅग पहिल्यांदा फाटते ती याच ठिकाणी, म्हणून पैसे कोठे गेले हे पाहायचे असेल तर आधी पट्ट्याचे टाके पाहावेत. थंड पेयांचा आतून चंदेरी अस्तर लावलेला कप्पा, रेंजफाइंडरसाठी (अंतर मोजण्याच्या दुर्बिणीसाठी) चुंबकाने बंद होणारा कप्पा आणि घड्याळ व मोबाइलसाठी मखमली अस्तराचा कप्पा या सोयी चांगल्या आहेत, पण त्या स्वस्त बॅगेतही मिळतात.

४. १४ खण हवेतच का? सहा-सात खणांची बॅग चालणार नाही का?

चालेल. नियमांनुसार फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब नेता येतात, म्हणून प्रत्येकाला एक याप्रमाणे १४ खण असतात. कोणता क्लब कोठे आहे हे न पाहता कळणे आणि एखादा क्लब मागे राहिला तर रिकामा खण लगेच डोळ्यांत भरणे, हे त्याचे दोन खरे फायदे होत. ग्रीनजवळ (होलभोवतीच्या आखूड गवताजवळ) वेज (जवळच्या उंच फटक्याचा क्लब) विसरून पुढे जाण्याची सवय असलेल्यांना दुसरा फायदा विशेष उपयोगी पडतो.

मात्र १४ खणांची बॅग अरुंद तोंडाची असेल, तर ती सहा खणांच्या बॅगेपेक्षा अधिक त्रास देते. तोंडाचा व्यास साधारण साडेनऊ इंचांपेक्षा कमी असेल तर ग्रिप (क्लबच्या मुठी) एकमेकींत अडकतात. ज्यांच्या क्लबांना जाड ग्रिप बसवलेल्या आहेत, त्यांनी याकडे अधिक लक्ष द्यावे. पटरच्या (ग्रीनवर चेंडू होलमध्ये ढकलण्याच्या क्लबच्या) जाड ग्रिपसाठी वेगळा, मोठा खण आहे का, हेही पाहावे.

५. दुकानात बॅग कशी तपासावी?

स्वतःचे क्लब घेऊन जावे. शक्य असेल तर सगळे. ते सर्व खणांत ठेवून मधल्या रांगेतला एक आयर्न एका हाताने वर ओढावा. बॅगही त्याच्याबरोबर उचलली गेली, तर तळाशी ग्रिप अडकत आहेत. त्यानंतर हात आत घालून खणांच्या भिंती तळापर्यंत जातात की वरच्या चौकटीपाशीच संपतात, ते पाहावे. 'फुल लेंग्थ' असे लिहिलेल्या काही बॅगांत तळाचा थोडा भाग मोकळा सोडलेला असतो आणि तेथेच क्लब एकमेकांत गुंततात.

सामान मोजण्याचा छोटा काटा सोबत नेल्यास रिकाम्या बॅगेचे खरे वजन कळते. छापील वजनात पावसाचे हुड (बॅगेच्या तोंडावरचे झाकण) आणि पट्टा धरलेले असतीलच, असे नाही. शेवटी बॅग सपाट जमिनीवर उभी करून हलका धक्का द्यावा. भरलेली बॅग डुलून पुन्हा स्थिर झाली पाहिजे.

६. चामड्यासारखी दिसणारी बॅग घ्यावी की कापडी? मी मुंबईत राहतो.

मुंबई, नवी मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी कापडी बॅग घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुकानात जिला सरसकट लेदर बॅग म्हणतात, ती बहुधा कृत्रिम चामड्याची, म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेली असते. हवेतील ओलावा आणि उष्णता यांमुळे अशा थराचे रासायनिक विघटन होते. थर आधी चिकट होतो, मग त्याला भेगा पडतात आणि शेवटी पापुद्रे सुटतात. ही क्रिया बॅग न वापरतासुद्धा चालू राहते. कपाटात जपून ठेवलेली जवळजवळ नवी बॅग काही वर्षांनी सोलवटलेली निघते, ती यामुळेच. चांगल्या प्रतीच्या पॉलियुरेथेनला अधिक काळ लागतो, पण चेंबूर किंवा खारघर येथील हवेत तो काळ पुण्यातील हवेपेक्षा कमीच असणार.

नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या जाड विणीच्या बॅगेला हा धोका कमी असतो, तिचे वजनही कमी असते आणि ती धुता येते. मात्र आतल्या बाजूला जलरोधक थर दिलेला असेल, तर तोही वर्षानुवर्षांच्या दमट हवेत सुटू शकतो, त्यामुळे कापडी बॅगही हवेशीर जागीच ठेवावी. विणीची जाडी डेनिअरमध्ये सांगतात. आकडा मोठा तितका धागा जाड. अस्सल चामड्याची बॅग सुंदर असते, पण तिला बुरशी लागते आणि पावसाळ्यात दर आठवड्याला पुसून हवा द्यावी लागते. हे करण्याची हौस आणि सवड असेल तरच ती घ्यावी.

७. जलरोधक बॅग आणि पावसाचे हुड, दोन्ही लागतात का?

जून ते सप्टेंबर या काळात खेळणार असाल, तर दोन्ही लागतात. जलरोधक बॅग कप्प्यांतील वस्तू कोरड्या ठेवते; बॅगेच्या उघड्या तोंडातून आत जाणारे पाणी तिला अडवता येत नाही. ते काम हुडाचे आहे. आत गेलेले पाणी तळाशी साचते, ग्रिप त्यात उभ्या राहतात आणि पुढचा फटका मारताना क्लब हातातून निसटतो.

जलरोधकतेचा आकडा मिलिमीटरमध्ये देतात, उदाहरणार्थ १०,००० मिमी. कापड पाण्याच्या किती उंच स्तंभाचा दाब सहन करते, ते त्यावरून कळते. पण पाणी कापडापेक्षा शिवणीतून आणि चेनमधून आधी शिरते. म्हणून शिवणी आतून पट्टी लावून बंद केल्या आहेत का, हे आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे. हुड चेनचे असावे आणि बॅग बग्गीवर बांधलेली असतानाही त्यातून एकेक क्लब काढता यावा. भिजलेली छत्री बॅगेच्या आत ठेवू नये. बाहेरच्या छत्रीच्या नळीतच ठेवावी.

८. बग्गीवर बॅग बांधण्याची योग्य पद्धत कोणती?

बॅगेची पाठ, म्हणजे जिकडे मूठ आणि पट्टा असतो ती बाजू, बग्गीकडे आणि कप्पे बाहेर, स्वतःकडे ठेवावेत. बग्गीचा पट्टा बॅगेवर त्यासाठी केलेल्या बोगद्यातून ओवावा. तो कप्प्यांवरून घेतला तर कप्पे उघडत नाहीत आणि चेनवर ताण येतो. बक्कल लावल्यावर बॅग हाताने दोन्ही बाजूंना हलवून पाहावी. बग्गी चालवणाऱ्याची बॅग त्याच्या बाजूला मागे ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे उतरल्यावर वळसा घालावा लागत नाही. खांद्याचा पट्टा लोंबकळत ठेवू नये. तो चाकात अडकू शकतो.

९. ट्रॉलीवर माझी बॅग सारखी फिरते. उपाय काय?

बहुतेक वेळा बॅगेचा गोल तळ आणि ट्रॉलीचा आधार यांचे माप जुळत नाही, हे त्याचे कारण असते. खालचा पट्टा आधी आणि घट्ट आवळावा, वरचा नंतर. इलॅस्टिकची दोरी सैल झाली असेल तर बदलावी. तरीही बॅग फिरत असेल, तर तळाच्या आणि आधाराच्या मध्ये रबराचा पातळ तुकडा घालावा. मोटोकॅडीची 'इझीलॉक' किंवा पॉवकॅडीची 'की-लॉक' अशा व्यवस्थांत बॅगेच्या तळाचे खुंट थेट ट्रॉलीत बसतात आणि बॅग मुळीच फिरत नाही. पण त्यासाठी बॅग आणि ट्रॉली एकाच कंपनीच्या असाव्या लागतात. क्लबच्या ट्रॉली वापरणाऱ्यांनी त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत.

१०. खणांत क्लब कोणत्या क्रमाने लावावेत?

लांब क्लब हातापासून सर्वांत दूरच्या रांगेत आणि आखूड क्लब सर्वांत जवळ, म्हणजे लांब क्लबांच्या आड आखूड क्लब लपत नाहीत. बग्गीवर ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) आणि वुड (मोठ्या डोक्याचे लांब क्लब) पाठीकडच्या रांगेत, मधे हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधले क्लब) आणि लांब आयर्न, कप्प्यांच्या बाजूला आखूड आयर्न आणि वेज असा क्रम होतो. क्रम एकदा ठरला की बदलू नये आणि तो कॅडीलाही सांगावा. ग्रॅफाइट शाफ्टच्या क्लबांवर आयर्नचे पाते आदळत असेल तर त्या क्लबांवर टोपी घालावी.

११. कोणत्या कप्प्यात काय ठेवावे, आणि किती?

जड वस्तू खाली आणि मधोमध. चेंडू खालच्या पुढच्या कप्प्यात, पाणी त्याच्या वर, पावसाचे कपडे बाजूच्या उभ्या कप्प्यात. एकाच बाजूला दोन बाटल्या ठेवल्यास बॅग त्या बाजूला कलते आणि प्रश्न ९ मधील त्रास सुरू होतो. एका फेरीला सहा ते नऊ चेंडू बहुतेकांना पुरतात. एक चेंडू सुमारे ४६ ग्रॅमचा असतो, त्यामुळे कप्प्यात साठलेले पन्नास जुने चेंडू म्हणजे सव्वादोन किलोंहून अधिक निष्कारण ओझे असते. महिन्यातून एकदा बॅग पूर्ण रिकामी करावी.

१२. माझ्याकडची स्टँड बॅग बग्गीवर बांधली तर चालते का?

चालते, पण बग्गीचा पट्टा पायांवरून जाणार नाही याची काळजी घ्यावी. पाय दाबले गेले तर वाकतात किंवा त्यांची कळ सैल होते. बहुतेक बॅगांत पाय बांधून ठेवण्यासाठी व्हेल्क्रोची पट्टी असते, ती लावावी. नेहमी बग्गीवरच खेळत असाल तर कार्ट बॅग घेण्याची वेळ आली आहे.

१३. बॅग गाडीच्या डिकीतच ठेवली तर काय बिघडते?

उन्हात उभ्या असलेल्या गाडीची डिकी फार तापते. त्या उष्णतेने ग्रिपचे रबर कडक आणि गुळगुळीत होते, आणि क्लबचे डोके शाफ्टला चिकटवणारा गोंद वारंवार तापल्याने कमजोर होऊ शकतो. बॅग भिजलेली असेल तर बंद डिकीत एका रात्रीत कुबट वास धरते. बॅग घरी आणावी, सर्व चेन उघडाव्यात, क्लब बाहेर काढून पुसावेत आणि बॅग पंख्याखाली आडवी किंवा उलटी ठेवून वाळवावी. थेट उन्हात नको. पावसाळ्यात कप्प्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी चेनचे सरकते तोंड ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे, कारण खारे वारे धातूच्या तोंडाला गंज आणतात.

१४. विमानाने नेताना काय काळजी घ्यावी?

गोल्फचे क्लब केबिनमध्ये नेता येत नाहीत. बॅग चेक-इनच करावी लागते. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर अनेकदा १५ किलोंची मर्यादा असते. प्रश्न २ मधील हिशेबातून पाणी वगळले तरी बॅग दहा-अकरा किलोंची होते आणि प्रवासी कव्हराचे वजन त्यावर येते, म्हणजे कपड्यांना फारशी जागा उरत नाही. ड्रायव्हरचे डोके काढता येत असेल तर काढून टॉवेलमध्ये गुंडाळावे. सर्वांत लांब क्लबापेक्षा थोडी उंच अशी आधाराची काठी बॅगेत उभी ठेवल्यास वरून पडणारा मार ती झेलते. रेंजफाइंडर आणि त्याचे सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत घ्यावेत. सुटे लिथियम सेल चेक-इन सामानात ठेवण्यास मनाई आहे.

१५. मुलगी अमेरिकेहून येताना माझ्यासाठी बॅग आणणार आहे. काही अडचण येईल का?

रिकामी बॅग हलकी असली तरी आकाराने मोठी असते. अनेक आंतरराष्ट्रीय विमान कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरपर्यंत सामान्य सामान मानतात. ९० सेंटिमीटर उंचीची, ३५ बाय ३० सेंटिमीटरची बॅग १५५ पर्यंत जाते, म्हणजे खोक्यासह ती मर्यादा ओलांडू शकते. खोके टाकून द्यावे, बॅगेत कपडे भरावेत आणि बॅग मजबूत कापडी कव्हरात आणावी. खरेदीची पावती जपून ठेवावी, सीमाशुल्कासाठी ती लागते. तेथील हमी येथे लागू होते का, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे आणि तुमच्या क्लबच्या ट्रॉलीचे माप मुलीला आधीच कळवावे.

१६. फेरी सुरू झाल्यावर बॅगेत १५ वा क्लब सापडला तर?

स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) ज्या ज्या होलवर जादा क्लब जवळ होता, त्या प्रत्येक होलसाठी दोन फटक्यांचा दंड होतो. एका फेरीत जास्तीत जास्त चार फटके. मॅच प्लेमध्ये (होलागणिक हारजीत ठरण्याच्या प्रकारात) भंग झालेल्या प्रत्येक होलमागे एक होल वजा होतो, जास्तीत जास्त दोन. तो क्लब वापरला नसला तरी दंड होतोच. लक्षात येताच जादा क्लब खेळातून बाद केल्याचे मार्करला (गुण नोंदवणाऱ्याला) किंवा प्रतिस्पर्ध्याला दाखवावे, उदाहरणार्थ तो बॅगेत उलटा ठेवावा. त्यानंतर त्या क्लबने फटका मारल्यास खेळाडू स्पर्धेतून बाद होतो.

२००१ च्या ओपन चॅम्पियनशिपमध्ये, रॉयल लिथम अँड सेंट ॲन्स येथे, व्यावसायिक गोल्फर इयान वूझनम शेवटच्या फेरीत आघाडीच्या बरोबरीत होते आणि पहिल्या होलवर त्यांनी बर्डी (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) केली होती. दुसऱ्या टीवर (होल सुरू करण्याच्या जागी) कॅडीने सांगितले की बॅगेत दोन ड्रायव्हर आहेत. दोन फटक्यांचा दंड झाला आणि ते अखेरीस संयुक्त तिसरे राहिले. सरावाच्या मैदानावर दोन ड्रायव्हर वापरून पाहणाऱ्या प्रत्येकाला हे घडू शकते. पहिल्या टीवर क्लब मोजण्याचे काम कॅडीवर सोडले तरी जबाबदारी खेळाडूचीच राहते. फेरी सुरू होण्यापूर्वी जादा क्लब आढळला, तर तो तेव्हाच बाद ठरवून दंडाशिवाय बॅगेत ठेवता येतो.

१७. आम्ही दोघे मिळून एकच बॅग नेऊ शकतो का?

नियमांच्या दृष्टीने हो. बॅग एक असली तरी प्रत्येकाचे क्लब वेगळे ओळखता आले पाहिजेत आणि प्रत्येकाचे १४ पेक्षा अधिक असता कामा नयेत. दुसऱ्याच्या क्लबने मात्र खेळता येत नाही. भागीदार म्हणून खेळताना दोघांचे मिळून १४ पेक्षा अधिक क्लब नसतील तरच ते वाटून घेता येतात. काही गोल्फ क्लब प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र बॅग असावी असा स्थानिक आग्रह धरतात, म्हणून आधी विचारावे. भरलेल्या सामाईक बॅगेचे वजन कोण वाहणार, याचे उत्तर प्रश्न २ मध्ये आहे.

१८. माझा चेंडू माझ्याच बॅगेला लागला, किंवा मी बॅग वाऱ्याच्या आडोशाला ठेवली, तर दंड होतो का?

चालता चेंडू चुकून स्वतःच्या बॅगेला लागला, तर २०१९ पासून दंड नाही. चेंडू जेथे थांबला तेथून खेळावा. चेंडू बॅगेला टेकून थांबला असेल, तर बॅग हलवावी आणि त्यामुळे चेंडू सरकला तर दंडाशिवाय मूळ जागी ठेवावा. चेंडू अडवण्यासाठी बॅग मुद्दाम ठेवणे मात्र नियमभंग आहे.

आडोशाचा प्रश्न वेगळा आहे. वारा, ऊन किंवा पाऊस अडावा म्हणून बॅग मुद्दाम उभी करून फटका मारल्यास स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड होतो. स्वतःच्या डोक्यावर स्वतः छत्री धरून पट करायला मात्र हरकत नाही. पायांची रेषा जुळवण्यासाठी बॅग जमिनीवर ठेवून उभे राहिल्यासही तेवढाच दंड होतो, आणि मग मागे सरकून बॅग उचलली तरी तो टळत नाही. म्हणून फटक्यापूर्वी बॅग खेळाच्या रेषेपासून आणि उभे राहण्याच्या जागेपासून दूर, शक्यतो पुढच्या टीच्या वाटेवर ठेवावी. ग्रीनवरून निघताना मागे फिरावे लागत नाही आणि मागच्या गटाचा खोळंबाही होत नाही.